नागरिकशास्त्राचा पाठ : मंत्रिमंडळ कसे बनते?



गेल्या महिन्यात मोठ्या गटातल्या मुलांना आम्ही वर्तमानपत्रातल्या काही इंग्रजी बातम्या मराठीत लिहून आणायला सांगितल्या होत्या. एका मुलाने अमेरिकेच्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'चे भाषांतर 'राज्याचा सचिव' असे करून आणले. शब्दाला शब्द ठेवला तर ते बरोबरच दिसते! पण हेच वाक्य त्याने भारतातल्या आजोबांना पत्रात लिहिले असते, तर त्यांना वाटले असते की एखाद्या राज्याच्या कचेरीतला अधिकारी परदेश दौऱ्यावर निघाला आहे.

खरे म्हणजे ही चूक त्या मुलाची नाही. आपण वर्गात रंग, फळे, नाती, सण हे सगळे शिकवतो. पण देशाचा कारभार कसा चालतो हे मराठीत कधी शिकवतच नाही. म्हणून या अंकात हा पाठ. आम्ही राज्यशास्त्राचे प्राध्यापक नव्हे. आठवडाभर कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचे आणि रविवारी इथे येऊन हातात खडू धरायचा, एवढीच आमची पात्रता. तेव्हा हा विषय आम्हाला जसा समजला, तसाच पायरी पायरीने मांडत आहोत.

१. मंत्री कोण आणि सचिव कोण?

'मंत्र' या शब्दाचा एक अर्थ मसलत, सल्ला असा आहे. सल्ला देतो तो मंत्री. भारतात मंत्री हा लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींपैकी असतो. सचिव हा मात्र सरकारी नोकर असतो. तो परीक्षा देऊन नोकरीत येतो आणि अनुभवाने वर चढतो. सरकार बदलले की मंत्री जातात, सचिव आपल्या नोकरीत राहतो. म्हणून दिल्लीत परराष्ट्रमंत्री आणि परराष्ट्र सचिव अशी दोन वेगळी माणसे असतात.

अमेरिकेत ज्याला 'सेक्रेटरी' म्हणतात तो मंत्र्याच्या दर्जाचा असतो. तेव्हा 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणजे परराष्ट्रमंत्री, आणि 'सेक्रेटरी ऑफ द ट्रेझरी' म्हणजे अर्थमंत्री. एवढे लक्षात ठेवले तरी आजोबांचा गोंधळ होणार नाही!

आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'राज्यमंत्री'. दिल्लीतला राज्यमंत्री हा कोणत्या एका राज्याचा मंत्री नसतो. केंद्र सरकारात कॅबिनेट मंत्र्याच्या खालचा जो दर्जा आहे, त्याचे हे नाव आहे. कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि राज्यमंत्री या सर्वांची मिळून मंत्रिपरिषद होते. तिच्यातले कॅबिनेट मंत्री म्हणजे मंत्रिमंडळ. मोठे निर्णय या मंत्रिमंडळाच्या बैठकीत होतात.

प्रत्येक मंत्र्याकडे जे काम सोपवलेले असते त्याला 'खाते' म्हणतात. छोट्या गटात आम्ही "अर्थमंत्र्याचे खाते कोणते?" असे विचारले, तेव्हा एका चिमुरडीने "तो काय खातो?" असा उलट प्रश्न केला. त्या दिवशी पुढचा पाठ काही झाला नाही.

२. आधी लोकसभा, मग पंतप्रधान, मग मंत्री

अमेरिकेत मतदार अध्यक्षासाठी वेगळे मत देतात. भारतात पंतप्रधानासाठी वेगळी मतपत्रिका नसते. मतदार आपापल्या मतदारसंघातून लोकसभेचा खासदार निवडतात. लोकसभेच्या निवडून येणाऱ्या जागा ५४३ आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान २७२ खासदारांचा पाठिंबा ज्या नेत्याला मिळेल असे दिसते, त्याला राष्ट्रपती सरकार बनवायला बोलावतात. पुढच्या पायऱ्या अशा :

पहिली पायरी : राष्ट्रपती पंतप्रधानांची नेमणूक करतात.

दुसरी पायरी : पंतप्रधान आपल्या सहकाऱ्यांची यादी देतात. त्या सल्ल्याप्रमाणे राष्ट्रपती मंत्र्यांची नेमणूक करतात.

तिसरी पायरी : प्रत्येक मंत्री दोन शपथा घेतो. एक पदाची, म्हणजे काम प्रामाणिकपणे आणि निःपक्षपातीपणे करीन अशी. दुसरी गोपनीयतेची, म्हणजे मंत्री म्हणून जे कळेल ते कामाच्या गरजेशिवाय बाहेर सांगणार नाही अशी.

चौथी पायरी : खातेवाटप होते.

मंत्री हा खासदार असावा लागतो. नसेल तर सहा महिन्यांच्या आत त्याला लोकसभेवर किंवा राज्यसभेवर यावे लागते, नाहीतर मंत्रिपद जाते. अमेरिकेत याच्या अगदी उलट! तिथे काँग्रेसच्या सभासदाला मंत्रिपद हवे असेल तर काँग्रेसमधली जागा सोडावी लागते. २००९ साली हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या, तेव्हा त्यांनी सेनेटमधल्या जागेचा राजीनामा दिला होता.

किती मंत्री घ्यायचे याला भारतात पूर्वी मर्यादा नव्हती. २००३ साली घटनेची ९१वी दुरुस्ती झाली. तेव्हापासून पंतप्रधान धरून मंत्र्यांची एकूण संख्या लोकसभेच्या सभासदसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. ९ जून २०२४ रोजी शपथविधी झाला तेव्हा पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली होती. कमाल मर्यादा किती येते, हे गणित मुलांनी करायचे आहे.

३. चौदा जणांचे पहिले मंत्रिमंडळ

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. त्या दिवशी शपथ घेतलेले मंत्रिमंडळ असे होते :

जवाहरलाल नेहरू – पंतप्रधान, परराष्ट्र व्यवहार
सरदार वल्लभभाई पटेल – गृह, माहिती व नभोवाणी, संस्थाने
डॉ. राजेंद्र प्रसाद – अन्न व शेती
मौलाना अबुल कलाम आझाद – शिक्षण
डॉ. जॉन मथाई – रेल्वे व वाहतूक
सरदार बलदेवसिंग – संरक्षण
जगजीवन राम – मजूर
सी. एच. भाभा – व्यापार
रफी अहमद किडवाई – दळणवळण
राजकुमारी अमृत कौर – आरोग्य
डॉ. बाबासाहेब आंबेडकर – कायदा
आर. के. षण्मुखम चेट्टी – अर्थ
डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी – उद्योग व पुरवठा
न. वि. ऊर्फ काकासाहेब गाडगीळ – बांधकाम, खाणी व वीज

ही यादी नुसती पाठ करू नका, नीट बघा. सर्वांत वडील पटेल, वय ७१. जगजीवन राम यांचे वय ३९. स्त्री एकच, अमृत कौर. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शीख आणि पारशी, सगळे या टेबलाभोवती होते. काकासाहेब गाडगीळ पुण्याचे. त्या वेळी फाळणीमुळे लक्षावधी माणसे घरदार सोडून निघाली होती आणि संस्थाने भारतात सामील करून घ्यायचे काम चालू होते. देशाला आपली राज्यघटनासुद्धा अजून मिळायची होती.

यादीतली सर्वांत विशेष गोष्ट वेगळीच आहे. हे सगळे एका पक्षाचे नव्हते. नेहरू आणि पटेल काँग्रेसचे. पण आंबेडकर हे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते आणि काँग्रेसचे अनेक वर्षांचे कडक टीकाकार. मुखर्जी हिंदू महासभेचे. चेट्टी पूर्वीच्या जस्टिस पक्षाचे. मथाई हे अर्थशास्त्रज्ञ आणि भाभा हे उद्योजक. ज्यांचे एकमेकांशी पटत नव्हते अशांना मुद्दाम एकत्र बसवले होते, कारण काम एकट्या पक्षाला पेलणारे नव्हते.

प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्यासारख्या पालकांना हे पटकन कळेल. एकाच विचाराची दहा माणसे एका खोलीत बसवली की काम भराभर होते, पण चूक कोणाच्याच लक्षात येत नाही.

४. उत्तर कोणाला द्यायचे?

मुलांनो, कोणतेही मंत्रिमंडळ समजून घ्यायचे तर एकच प्रश्न विचारा : हे मंत्री उत्तर कोणाला देतात?

शिवाजी महाराजांचे अष्टप्रधान मंडळ तुम्हाला माहीत आहे. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश आणि पंडितराव. सुमंत म्हणजे परराज्यांशी व्यवहार बघणारे, अमात्य म्हणजे जमाखर्च बघणारे. हे आठही जण महाराजांना उत्तर देत. अमेरिकेत मंत्र्याच्या नेमणुकीला सेनेटची संमती लागते, काँग्रेसच्या समित्या त्याला बोलावून प्रश्नही विचारतात; पण कामावर ठेवायचा की काढायचा हे अध्यक्षच ठरवतात. सरकारचा एखादा निर्णय आवडला नाही म्हणून काँग्रेस अध्यक्षाला आणि त्याच्या सगळ्या मंत्र्यांना मतदानाने घरी पाठवू शकत नाही.

भारतात तसे होऊ शकते. घटनेच्या ७५व्या कलमात म्हटले आहे की मंत्रिपरिषद ही सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असेल. 'सामूहिकरीत्या' हा या पाठातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. याचा अर्थ असा की निर्णय एका मंत्र्याच्या खात्याचा असला तरी त्याचे उत्तर सगळ्यांनी मिळून द्यायचे. सरकारवर लोकसभेचा विश्वास उरला नाही, तर एकटा पंतप्रधान जात नाही, सगळे जातात. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाला २६९ मते बाजूने पडली आणि २७० विरुद्ध. एका मताने सरकार पडले. कोणत्या खात्याने काम चांगले केले आणि कोणत्या खात्याने वाईट, हे तेव्हा वेगवेगळे कोणी मोजले नाही.

मग मंत्र्यांनी आपसात भांडायचेच नाही का? भांडायचे की! पण बैठकीत. तिथे हवे तेवढे वाद घाला. एकदा निर्णय झाला की बाहेर प्रत्येकाने तो आपला म्हणून सांगायचा. "माझे मत वेगळे होते" असे बाहेर म्हणायचे असेल तर आधी खुर्ची सोडायची.

५. न पटले तर?

खुर्ची सोडणारे बरेच निघाले. त्या चौदा जणांपैकीच तिघांच्या गोष्टी सांगतो.

एप्रिल १९५० मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्यात दोन्ही देशांतल्या अल्पसंख्याकांविषयी करार झाला. मुखर्जींना तो पटला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी जनसंघ हा नवा पक्ष काढला.

मथाई १९४८ पासून अर्थमंत्री होते. १९५० साली नियोजन आयोग स्थापन झाला. हा आयोग म्हणजे जणू दुसरे मंत्रिमंडळच होऊन बसेल, अशी त्यांना भीती वाटत होती. त्यांनीही त्याच वर्षी पद सोडले.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी राजीनामा दिला. मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळावा, लग्न आणि घटस्फोट यांचे कायदे सुधारावेत, यासाठी त्यांनी हिंदू कोड बिलावर खूप मेहनत घेतली होती. ते बिल पुढे जाईना. राजीनाम्याला इतरही कारणे होती, पण हे मोठे कारण होते. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्या बिलाचे विषय चार वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर झाले. तेव्हा बाबासाहेब मंत्री नव्हते. तरीही त्या कायद्यांचे नाव निघाले की पहिली आठवण त्यांचीच होते.

या तिघांचे मुद्दे वेगवेगळे होते. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, यावर आजही वाद होतात. पण एक गोष्ट तिघांनीही केली. आत बसून बाहेर कुरकुर केली नाही. जे पटले नाही ते स्पष्ट सांगितले आणि पद सोडले.

६. देशमुखांची तक्रार

मथाईंच्या जागी जे अर्थमंत्री झाले ते आपले चिंतामणराव देशमुख, म्हणजे सी. डी. देशमुख. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचा त्यांचा जन्म. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले.

१९५६ साली भाषेनुसार राज्ये बनवायचे काम चालू होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, ती केंद्राच्या ताब्यात ठेवायची, असे सरकारच्या वतीने जाहीर झाले. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांच्या स्मरणार्थ आहे. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले.

त्यांनी लोकसभेत जे निवेदन केले, त्यात 'मुंबई महाराष्ट्राची' एवढेच नव्हते. त्यांची एक तक्रार कारभाराच्या पद्धतीविषयी होती. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत चर्चेला न आणताच जाहीर झाला, असे त्यांचे म्हणणे होते. पंतप्रधानांना हा आरोप मान्य नव्हता. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, हा इतिहास तुम्ही महाराष्ट्र दिनाला ऐकताच.

आम्हाला देशमुखांच्या या तक्रारीत सगळ्या पाठाचे सार दिसते. सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचे असेल, तर आधी सगळ्यांनी मिळून ठरवलेले असले पाहिजे. बैठकीत विचारायचे नाही आणि बाहेर मात्र पाठिंबा मागायचा, हे चालणार नाही. आणि बैठकीत बसून मत द्यायचे, पण बाहेर आल्यावर हात झटकायचे, हेही चालणार नाही. एक नियम दोन्हीकडून बांधतो.

७. पालकांसाठी थोडेसे

दुसऱ्याला शिकवण्याआधी आमची गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी आपल्या वर्गाच्या समितीत स्नेहसंमेलनाच्या जागेचा विषय निघाला. भाडे वाचावे म्हणून मोठ्या सभागृहाऐवजी लहान खोली घ्यावी असे पाच जणांचे मत पडले, दोघांचे विरुद्ध. त्या दोघांतले एक आम्ही. कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. काही आजी-आजोबा भिंतीला टेकून उभे राहिले. आणि आम्ही दारात उभे राहून येईल त्याला सांगत होतो, "आम्ही तर आधीपासून नको म्हणत होतो!"

घरी जाताना गाडीत मुलीने विचारले, "बाबा, तू पण कमिटीत आहेस ना? मग त्या आजींना खुर्ची का नाही आणून दिलीस?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमचे मत बरोबर निघाले याच्या समाधानात आम्ही इतके रमलो होतो, की शेजारच्या खोलीत घडीच्या खुर्च्या आहेत हे माहीत असूनही हललो नाही. मत विरुद्ध होते म्हणून जबाबदारी संपली, असे आम्ही धरून चाललो होतो. समितीत आम्हाला बोलू दिले होते, मतही मोजले होते. मग तो निर्णय आमचाही होता.

नवे शब्द

खाते – मंत्र्याकडे सोपवलेले काम
शपथविधी – पद घेताना सर्वांसमोर वचन देण्याचा समारंभ
गोपनीयता – गुप्त गोष्ट गुप्त ठेवणे
सामूहिक – सर्वांनी मिळून केलेले
राजीनामा – पद सोडत असल्याचे लेखी कळवणे
विश्वासदर्शक ठराव – सरकारवर भरवसा आहे का, हे मतांनी ठरवण्याची पद्धत

प्रश्न

१. ५४३ चे १५ टक्के किती? जास्तीत जास्त किती मंत्री होऊ शकतात? अर्धा मंत्री नसतो, हे विसरू नका.
२. परराष्ट्रमंत्री आणि परराष्ट्र सचिव यांत फरक काय?
३. पहिल्या मंत्रिमंडळातला तुम्हाला आवडलेला एक मंत्री निवडून त्याच्यावर पाच वाक्ये लिहा.
४. आजी-आजोबांना फोनवर विचारा : १ मे १९६० हा दिवस तुम्हाला आठवतो का? नसेल तर घरी त्याविषयी काय ऐकले होते?

पुढच्या रविवारी मोठ्या गटाची मुले चौदा खात्यांचे मंत्रिमंडळ बनवणार आहेत. खाऊ खाते, खेळ खाते आणि स्वच्छता खाते नक्की असेल. सहलीला कुठे जायचे हे ते ठरवतील. आत हवा तेवढा वाद, बाहेर एकच आवाज. ज्याला निर्णय अजिबात पटणार नाही, त्याने पाच ओळींचा राजीनामा शुद्ध मराठीत लिहून द्यायचा.

यंदाच्या समितीत आम्ही पुन्हा आहोत. स्नेहसंमेलनाच्या दिवशी काही कमी पडले तर आम्हाला जरूर सांगा. बैठकीत आमचे मत काय होते ते आम्ही सांगणार नाही. खुर्ची मात्र आणून देऊ.